आधी पायी, मग गाडी

संगणकावरचे खेळ हा महाविद्यालयाच्या नियतकालिकात लिहिण्याजोगा विषय आहे काय, असा प्रश्न आमच्या काही गुरुजनांना पडेल. तो पडणे साहजिकच आहे. खेळ म्हटला की कबड्डी, खो-खो नाहीतर क्रिकेट. पडद्यासमोर बसून बोटे चालविणे म्हणजे डोळ्यांचे आणि परीक्षेचे नुकसान, अशीच सर्वसाधारण समजूत आहे. ती अगदीच खोटी आहे असे मी म्हणणार नाही. गेल्या वर्षी परिव्यय लेखाशास्त्राच्या पेपरात मला जे गुण पडले ते त्या समजुतीच्या बाजूनेच साक्ष देतील! परंतु मित्रहो, गेली दोन वर्षे ज्या एका प्रश्नाने माझ्या मनात घर केले आहे, तो मला प्रथम या पडद्यावरच भेटला. पुढे तोच आजोबांच्या दिंडीत भेटला, आणि शेवटी कलबुर्गीच्या बसमध्ये तर त्याने मला चांगलेच गाठले. म्हणून तो आपणापुढे मांडण्याचे धाडस करीत आहे.

ज्यांनी असे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगावे लागेल. 'खुल्या जगाचे' म्हणून जे खेळ आहेत त्यांत खेळणाऱ्याला एक अख्खा मुलूख मोकळा मिळतो. डोंगर, नद्या, गावे, बाजार, चोर, साधू, सारे काही त्यात असते. आपण त्यातील एक पात्र व्हायचे आणि वाटेल तिकडे जायचे. अमेरिकेतील बेथेस्डा या कंपनीचा 'स्कायरिम' हा २०११ साली निघालेला खेळ या प्रकारात फार गाजला. पुण्याला नोकरीला असलेल्या माझ्या चुलतभावाने आपला जुना संगणक मला दिला, त्यात तो होता. पी.यु.सी.ची परीक्षा संपली होती आणि हाताला काम नव्हते. बर्फाच्या त्या मुलखात मी उतरलो.

या मुलखाचा एक नकाशा असतो. एखाद्या गावी आपण एकदा पायी पोहोचलो की ते गाव नकाशावर उमटते. त्यानंतर त्या गावाच्या चिन्हावर नुसते बोट दाबायचे. पडदा क्षणभर काळा होतो आणि आपण तेथे हजर! यालाच 'फास्ट ट्रॅव्हल' म्हणतात. मी या लेखात त्याला झटपट प्रवास म्हणेन. गंमत अशी की या प्रवासात खेळातले घड्याळ मात्र पुढे सरकते. सकाळी निघालेले आपले पात्र संध्याकाळी पोहोचते. म्हणजे ते बिचारे चाललेले असते. चाललेले नसतो ते आपण.

झटपट प्रवासावरून खेळणाऱ्यांत दोन तट आहेत. एक पक्ष म्हणतो, याने तल्लीनता नाहीशी होते. मुलूख हा मुलूख न राहता ठिपक्यांची यादी होते. दुसरा म्हणतो, तीच ती वाट दहादा तुडविण्यात कसली आली आहे तल्लीनता? आम्ही खेळायला बसलो आहोत, हमाली करायला नव्हे!

मी त्या वेळी अर्थातच दुसऱ्या पक्षाचा होतो. तीन आठवड्यांत मी मुख्य कथा संपविली आणि मोठ्या ऐटीत चुलतभावाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "बरं झालं. आता एवढंच सांग, व्हाइटरनहून रिव्हरवुडला जाताना नदी कोणत्या हाताला लागते?" ही दोन त्या मुलखातली अगदी शेजारशेजारची गावे. तेथून मी निदान वीसदा ये-जा केली असेल. पण मला उत्तर देता आले नाही. वीसदा गेलो होतो ते बोट दाबून. आणि पहिल्या खेपेस पायी गेलो तेव्हा डोळे नदीवर नव्हतेच. पडद्याच्या वरच्या कडेला होकायंत्राची पट्टी असते आणि तीत कुठे जायचे त्याची खूण दिसते. माझे डोळे त्या खुणेवर होते.

दादाचा तो प्रश्न मला लागला. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी; हिशेब मांडल्याशिवाय आम्हांला चैन पडत नाही. झटपट प्रवासाने वाचलेला वेळ जमेच्या बाजूला मांडला. खर्चाच्या बाजूला काय? वाटेत भेटला असता तो शिकारी, ओढ्याकाठचे ते पडके घर, न ठरविता ऐकली असती ती एखादी गोष्ट. या बाबींची किंमत कोणत्याच खातेवहीत लिहिलेली नसते, म्हणून खर्च शून्य दिसतो आणि सगळा व्यवहार नफ्याचा वाटतो. ज्या खर्चाची नोंदच होत नाही तो खर्च झालाच नाही असे समजणे ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची चूक होय. मी नेमकी तीच करीत होतो.

येथवर वाचून कोणाला वाटेल की आता हा लेखक वेगाला शिव्या देणार आणि जुने तेवढे सोने म्हणणार. तसे नाही. माझ्या मताला पहिला धक्का दिला तो आपल्याच महाविद्यालयाच्या कन्नड विभागातील एका मित्राने. तो रोज संध्याकाळी एका कापडदुकानात काम करतो; नऊ वाजता सुटतो, घरी जेवतो, आणि झोपण्यापूर्वी मोजून तासभर खेळतो. मी त्याला तल्लीनतेवर व्याख्यान देऊ लागलो तेव्हा तो हसून म्हणाला, "निनगे टाइम अद, ननगे इल्ल." तुला वेळ आहे, मला नाही. त्याच्या तासातला पाऊण तास जर घोडा हाकण्यातच गेला तर त्याने गोष्ट कधी पाहावी?

हे खरेच आहे. पायी चालण्याचे कौतुक ज्यांना सवड आहे त्यांनी करावे आणि ज्यांना नाही त्यांना कमी लेखावे, हा न्याय नव्हे. आमच्या आजीचे गुडघे गेलेले आहेत. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात 'शक्ती' योजनेखाली स्त्रियांना साध्या बसचा प्रवास मोफत झाला, तेव्हापासून ती दोनदा गाणगापूरला दत्तदर्शनाला जाऊन आली. तिला 'पायी गेलीस तरच पुण्य' असे कोणी सांगू लागला तर मी त्याच्याशी भांडेन. वेग हा पुष्कळदा दुबळ्यांचा आधार असतो. तेव्हा प्रश्न 'वेग हवा की नको' असा नाहीच. मग तो कसा आहे? याचे उत्तर मला खेळात नव्हे, दिंडीत मिळाले.

आमचे गाव भालकी तालुक्यातले. आमच्या आजोबांची आषाढीची पायी वारी किती वर्षांची, हे त्यांनाही नक्की सांगता येत नाही. त्याच वर्षी, पी.यु.सी.चा निकाल लागून पदवीचा प्रवेश व्हायच्या मधल्या दिवसांत, घरच्यांनी मला त्यांच्याबरोबर धाडले. बसवकल्याणपासून नळदुर्गापर्यंत, चार मुक्काम. खरे सांगावयाचे तर मी खुशीने गेलो नव्हतो.

पहिला दिवस नवलाईत गेला. दुसऱ्या दिवशी मात्र मी विलक्षण कंटाळलो. सरळ रस्ता, दोन्हीकडे नुकतीच पेरलेली रानं, मागून भरधाव येणाऱ्या मालमोटारी, आणि तेच टाळ, तोच ठेका. बोट दाबावे आणि पडदा काळा होऊन एकदम पंढरपूर यावे, असे मनापासून वाटले. पण दाबायला बोटाखाली काही नव्हते. आणि मग तिसऱ्या दिवशी एक चमत्कारिक गोष्ट झाली. करण्यासारखे काहीच नसल्यामुळे मी पाहू लागलो. कोणत्या वाडीतली माणसे पाणी घेऊन रस्त्यावर उभी राहतात, कोणत्या चिंचेखाली दिंडी दरवर्षी टेकते, कोणत्या गावी पिठलं-भाकरी आणि कोणत्या गावी खिचडी, हे मला कळू लागले. आजोबांना तर किलोमीटरचे दगड ठाऊकच नाहीत. त्यांचा नकाशा माणसांचा आहे. अमक्या विहिरीपासून तमक्याच्या ओसरीपर्यंत, असा. कंटाळा हा तल्लीनतेचा शत्रू आहे असे मी समजत होतो. वस्तुतः तो तिचा उंबरठा आहे; पुष्कळजण तेथूनच परत फिरतात, म्हणून त्यांना आतले घर दिसत नाही.

नळदुर्गाला मी आजोबांचा निरोप घेतला. तेव्हा मला एक शंका आली. आजोबा दरवर्षी पंढरपूरहून परत येतात ते बसने. नुसते आजोबाच नव्हे, दिंडीतले बहुतेक सगळे. मी म्हणालो, "आजोबा, येताना बस चालते, मग जाताना का चालत नाही?" ते म्हणाले, "लेकरा, जाताना वाट आपली करून घ्यायची असती. एकदा आपली झाली, मग गाडीनं या न्हाईतर डोळे मिटून या."

चार दिवसांत चाललेली ती वाट बसने मला दोन-अडीच तासांत परत आणले तेव्हा कापली. पण या वेळी खिडकीतून मला प्रत्येक जागा ओळखू येत होती. ती चिंच, ती वाडी, तो पाण्याचा हौद. हा झटपट प्रवासच होता. तरीही त्यात वाट पुसली गेली नव्हती.

घरी येऊन पुन्हा खेळाचा विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले, की आजोबांचा नियम खेळाच्या कारागिरांनाही पूर्वीपासून ठाऊक आहे. फक्त तो कधी पाळला गेला, कधी मोडला गेला. स्कायरिमच्याच मालिकेतला 'मॉरोविंड' हा २००२ सालचा खेळ घ्या. त्यात नकाशावर बोट दाबून जाण्याची सोय नव्हती. लांब पायांचे एक अजस्र किडेवजा जनावर होते. त्याच्या तळावर जायचे, हाकणाऱ्याशी बोलायचे, भाडे द्यायचे, आणि ते ज्या ठरलेल्या गावांना जाते तेथेच उतरायचे. थोडक्यात म्हणजे आपले बसस्थानक! पुढची वाट लोकांना विचारून काढावी लागे. पूल ओलांडा, खडकापाशी वळा, अशी ती सांगितलेली असे. आपल्याकडे लिंबाच्या झाडापासून डावीकडे आणि मारुतीच्या देवळामागे, असे सांगतात तसेच.

२००६ सालच्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये मात्र मोठी शहरे पहिल्यापासूनच नकाशावर खुली ठेवली गेली. एक पाऊलही न टाकता राजधानीतून दूरच्या शहरी उडी मारता येऊ लागली. येथे आजोबांचा नियम मोडला. स्कायरिममध्ये तो अर्धा परत आला: आधी पायी पोहोचा, मग बोट दाबा. पोलंडमधील कंपनीच्या 'विचर ३' या २०१५ सालच्या खेळात तर निघण्यासाठीही आधी एखाद्या वाटफलकापाशी यावे लागते; कोठूनही कोठेही उडता येत नाही. 'रेड डेड रिडेम्प्शन २' या २०१८ सालच्या खेळात तिकीट काढून आगगाडीत किंवा घोड्यांच्या टपालगाडीत बसता येते. आणि जपानच्या इतिहासावरील 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' या २०२० सालच्या खेळाने पडद्यावरची बाणाची खूणच काढून टाकली. कोठे जायचे ते वारा दाखवितो. गवत ज्या बाजूला झुकेल तिकडे चालायचे. म्हणजे वाट शोधण्यासाठीसुद्धा रानाकडेच पाहावे लागते.

२०२४ साली आलेल्या 'ड्रॅगन्स डॉग्मा २' या जपानी खेळाचे दिग्दर्शक हिदेआकी इत्सुनो यांनी या वादात एक रोखठोक मत दिले होते. त्याचा मथितार्थ असा की प्रवास कंटाळवाणा वाटत असेल तर दोष प्रवासाचा नव्हे, तुमचा खेळच कंटाळवाणा आहे. मला हे पटते. ज्यांनी वाटेवर काही ठेवलेच नाही त्यांनी खेळणाऱ्याला 'चाला' म्हणण्याचा हक्क गमावला आहे. तथापि याच खेळाच्या कंपनीने, खेळ बाजारात आला त्याच दिवशी, झटपट प्रवासाला उपयोगी पडणारी एक वस्तू खऱ्या पैशाला विकावयास ठेवली, आणि खेळणारे खवळले. वाट अवघड करायची आणि वर आडवाटेची पावती फाडायची, असा त्यांचा समज झाला. ती वस्तू खेळताही मिळत होती, हे खरे. पण व्यापारात नुसता माल चोख असून चालत नाही, हेतूवरही विश्वास बसावा लागतो.

स्कायरिमलासुद्धा पुढे 'सर्व्हायव्हल' नावाची एक पद्धत जोडली गेली. तीत थंडी, भूक, थकवा लागतो आणि नकाशावरून उडी मारणे बंद होते. शहराबाहेर उभी असलेली भाड्याची घोडागाडी तेवढी चालते. दिंडीहून आल्यावर मी त्या पद्धतीने पुन्हा पहिल्यापासून खेळू लागलो. अजून अर्धाही झालेला नाही. पण दादाच्या त्या नदीच्या प्रश्नाचे उत्तर आता मला येते.

माझा लेख येथेच संपता तर तो एक सुखान्त बोधकथा झाला असता. पण माणूस इतक्या लवकर सुधारत नाही. गेल्या हिवाळ्यात मी मावशीकडे कलबुर्गीला निघालो होतो. बीदर-कलबुर्गी रेल्वे २९ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाली. त्याआधी रेल्वेने जावयाचे तर विकाराबाद आणि वाडी असा मोठा वळसा पडे. त्या दिवशी माझी गाडी चुकली, म्हणून बस धरली. बसमध्ये बसताच कानांत बोंडे घातली आणि मोबाईलमध्ये डोके खुपसले. हुमनाबादच्या पुढे मोबाईलची बॅटरी संपली. मी मान वर केली, आणि एकदम दादाचा प्रश्न आठवला. या रस्त्याने मी लहानपणापासून किती वेळा गेलो असेन! हुमनाबादनंतर काय लागते? मला सांगता येईना. बस तर साधीच होती, प्रत्येक फाट्यावर थांबणारी. तरीही मी वर्षानुवर्षे झटपट प्रवासच करीत आलो होतो. वेग गाडीत नसतो, मित्रहो; तो आपल्या लक्षात असतो. ज्याचे लक्ष खुणेवर आहे तो पायी चालला तरी उडतोच, आणि ज्याचे लक्ष वाटेवर आहे तो गाडीत बसला तरी चालतो.

नाइलाजाने मी पाहू लागलो. बीदरची तांबडी जमीन मागे पडत होती; पठार उतरत गेले तशी माती काळी होत गेली आणि दोन्ही बाजूंना तुरीची रानं सुरू झाली. कलबुर्गीची तूर आपण पुस्तकात वाचतो, मी ती प्रथमच 'पाहिली'. हुमनाबादला माझ्या शेजारी एक आजीबाई बसल्या होत्या, कमलापूरला उतरणार होत्या. माझ्याशी त्या मराठीत बोलल्या: "कुठला रे बाबा तू? भालकीचा? माझी लेक दिली की तिकडं." वाहकाशी कन्नडात बोलल्या. मागच्या बाकावरच्या बाईंशी आपल्या दखनीत हसत-खिदळत बोलल्या. कमलापूरला तांबड्या सालीची केळी विकणारा खिडकीशी आला, त्याच्याशी अर्धी कन्नड, अर्धी दखनी अशी घासाघीस केली, आणि उतरताना दोन केळी माझ्या हातावर ठेवून गेल्या.

तासाभराच्या त्या वाटेत त्या बाईंनी तीन भाषा ओलांडल्या. कोठे ओलांडल्या? मी नीट लक्ष ठेवून होतो. मला सीमा कोठेच दिसली नाही.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिला त्या गोष्टीवर येतो. मी मराठी माध्यमात शिकलो, कर्नाटकात राहतो, आणि माझ्या मातृभाषेचा मला अभिमान आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली तेव्हा जुन्या हैदराबाद राज्यातील बीदर जिल्ह्याचे तीन वाटे तीन राज्यांत गेले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात. भालकी, हुमनाबाद, औराद आणि खुद्द बीदर म्हैसूर राज्यात. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात. त्या रेषेमुळे आमच्या भागातील अनेकांना अडचणी सोसाव्या लागल्या, आजही लागतात. मराठी शाळांची चिंता मलाही आहे. ते प्रश्न खोटे नाहीत आणि ते सनदशीर मार्गाने मांडलेच पाहिजेत. पण त्या प्रश्नांवर दोन्ही बाजूंनी जे आवाज चढतात, त्यांत फार मोठा भाग अशा लोकांचा आहे ज्यांनी हा मुलूख नकाशावर बोट दाबून पाहिला आहे. बेंगळुरूहून एक ठिपका दिसतो, मुंबईहून दुसरा. मधला पडदा काळा असतो. त्या काळ्या पडद्यालाच ते सीमा म्हणतात.

जे चालले त्यांना ती तशी दिसली नाही. बाराव्या शतकात बसवेश्वर मंगळवेढ्याहून कल्याणला आले. मंगळवेढ्यास बिज्जळाच्या भांडारात ते हिशेबनीस होते अशी परंपरा आहे. म्हणजे एका अर्थी आमच्या वाणिज्य शाखेचेच! आज मंगळवेढे महाराष्ट्रात आहे आणि बसवकल्याण कर्नाटकात. आमच्या आजोबांची दिंडी साधारण त्याच दिशेची वाट उलट्या अंगाने चालते. 'गुरुचरित्र' मराठीत लिहिणारे सरस्वती गंगाधर स्वतः कन्नड भाषक होते. आणि पंढरीच्या ज्या विठोबाला मराठी संतांनी 'कानडा' म्हटले, त्याच्यावर कन्नड हरिदासांनीही पदे रचली. ही माणसे फार उदार होती म्हणून असे झाले, एवढेच नव्हे. ती पायी हिंडत होती. पायी हिंडणाऱ्याला एक भाषा जेथे संपते तेथेच दुसरी सुरू झालेली असते. दोन्हींच्या मध्ये त्याला पाणी देणारे कोणीतरी भेटलेले असते.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. झटपट प्रवास हे पाप नाही. आधी वाट आपली केल्यावाचून तो मागणे, आणि वाटच रिकामी ठेवून तो विकणे, या दोन गोष्टी वाईट. खेळ करणाऱ्यांनी वाटेवर काही ठेवावे, आणि थकलेल्या माणसाला गाडीही द्यावी. ती गाडी त्या जगातलीच असावी, तिला भाडे असावे, हाकणारा असावा. खेळणाऱ्यांनी प्रत्येक वाट निदान एकदा तरी खुणेवरची नजर काढून चालावी. आणि आपण विद्यार्थ्यांनी हेच आपल्या दोन जिल्ह्यांच्या बाबतीत करावे. फार नको; वर्षातून एकदा बीदर ते कलबुर्गी साध्या बसने, मोबाईल पिशवीत ठेवून जावे. हुमनाबादनंतर काय लागते, ते नोंदवावे.

शेवटी आजोबांविषयी सांगितले पाहिजे. यंदा त्यांचे गुडघे आजीच्या वाटेने गेले. डॉक्टरांनी चालण्यास मनाई केली. आजवर वारी चुकली नव्हती, म्हणून घरात सगळ्यांनाच धाकधूक होती. पण त्यांनीच विषय मिटविला. "गाडीनं जाऊ," म्हणाले. मी त्यांना घेऊन हुमनाबादला रात्रीच्या बसमध्ये बसलो. बाहेर मिट्ट काळोख, पाऊस, काचा धुरकटलेल्या. मला काही दिसत नव्हते, त्यांनी तर डोळेच मिटले होते. मला वाटले झोपले. थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, "येणेगूर गेलं." मग बऱ्याच वेळाने, "आता जळकोट." मी काच पुसून पाहिली तेव्हा जळकोटची पाटी मागे सरकत होती. नळदुर्ग, अणदूर... सोलापूर येईपर्यंत ते एकेक गाव मोजत होते आणि त्या त्या गावच्या माणसांची नावे घेऊन विचारल्यासारखे करीत होते, 'असंल का आता?'

बस ताशी साठ किलोमीटरने धावत होती, आणि तीत बसून एक म्हातारा माणूस पायी चालला होता.

कन्नड विभागातील माझ्या मित्राला हा लेख मी वाचून दाखविला आहे. त्याला सगळाच पटलेला नाही; त्याचा तास अजून तासाचाच आहे. पुढील अंकात त्याने आपल्या भाषेत याला उत्तर द्यावे, अशी माझी त्याला जाहीर विनंती आहे. मी ते शब्दकोश घेऊन, सावकाश, वाचीन.

— बी. कॉम. द्वितीय वर्ष, मराठी विभाग